दारावरच्या कॅमेऱ्याची केबल

बाबा, आपल्या घराला रंग काढायला घेतलाय. भावाने पेंटर आणलेत, मी कोपरहून दोन दिवसांसाठी आलेय, कारण आई नसताना भांडी कुठे हलवायची हे त्याला कळत नाही आणि वहिनीला विचारायची सोय नाही. सकाळी एक पेंटर शिडीवर चढून पुढच्या दाराच्या चौकटीवर लोंबणारी काळी केबल बोटाने हलवत मला विचारत होता, "ताई, ही वायर कामाची आहे का? नसेल तर खेचून काढतो, भिंत साफ होईल." भाऊ ओट्यावरूनच ओरडला, "काढ रे, काढ, कधीची बंद आहे ती." मी म्हटलं, थांबा जरा, सांगते. तेव्हापासून सांगितलेलं नाही. तुला मी आयुष्यात कधी पत्र लिहिलं नाही. कोपरहून ठाण्याला पत्र टाकणारी माणसं वेगळी असतात. आज मात्र मधल्या खोलीत, तुझी खाट होती त्याच जागी बसून लिहितेय, आणि अंगावर चुन्याची भुकटी पडतेय.

त्या केबलची सुरुवात हंड्यापासून झाली. तुझी उजवी बाजू गेली त्याला वर्ष होत आलेलं. वागळे इस्टेटची वायरमनची नोकरी सुटली, तुझी हत्यारांची पिशवी खाटेखाली गेली. आई पहाटे मासळी आणायला जायची आणि बाजार उरकून दुपारी यायची. तोवर तू एकटा, आणि दार सताड उघडं. आपल्या कोळीवाड्यात दिवसा दार लोटलं तर शेजारीण विचारायला यायची, काय गो, कोन आजारी? तर अशा उघड्या दारातून एक माणूस आला, पुढची खोली ओलांडून मधल्या खोलीपर्यंत आला, तुझ्याकडे नीट बघितलं, आणि तुझ्या पायांशी असलेला तांब्याचा हंडा पाण्यासकट उचलून आला तसा गेला. तू ओरडलास. पण तुझ्या अर्ध्या तोंडातून निघालेला आवाज पुढच्या खोलीतसुद्धा पोचला नाही. हंड्याचं कुणाला काय! आईने दुसऱ्या दिवशी स्टीलचा आणला. पण त्याने तुझ्या डोळ्यांत बघून हंडा उचलला, आणि बघितल्यावर त्याला पळावंसंसुद्धा वाटलं नाही, ते तुला लागलं. त्या दिवसापासून तू भिंतीकडे तोंड केलंस. जेवण भरवायला आलेल्या आईला म्हणालास, "घरात माणूस हाय का मांडनी हाय, कलत नाय." मी डोंबिवलीहून आले तेव्हा तू माझ्याकडेही वळला नाहीस. मला भयंकर भीती वाटली, बाबा. तू भिंतीकडे बघत बघतच संपशील असं वाटलं.

मी तेव्हा डोंबिवलीच्या एमआयडीसीत इंटरकॉम आणि कॅमेरे बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. एका दुकानाने नवे कॅमेरे घेतले आणि जुना काळा-पांढरा कॅमेरा आमच्या कपाटात पडून होता. साहेबांना विचारून तो उचलला. डोक्यात सगळं जुळलेलं: कॅमेरा दारावर, आपला छोटा टीव्ही तुझ्या खाटेसमोर, आणि तुझ्या डाव्या हाताशी एक बटण, बेल बाहेर छपराखाली. तुला सांगितलं तर तू भिंतीलाच म्हणालास, "दाराला डोला कशाला गो? आपन काय सोनार हाव?" तुझीच मुलगी मी, हट्टाला तुझ्यापेक्षा कमी कशी असेन! केबलवाल्याकडून उरलेली केबल आणली आणि तुझ्या खाटेवरच वेटोळं उलगडायला बसले, मुद्दाम. तू बघत नव्हतास, पण ऐकत होतास. मी टोक सोलल्यावर तुझा डावा हात आला आणि ते टोक चाचपायला लागला. मग तू म्हणालास, "माझी पिशवी आन."

खाटेखालची पिशवी मी ओढली. तुझी पक्कड, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आय.टी.आय.ला नाव लागलं तेव्हा मला दिलेला आणि मग स्वतःच वापरत राहिलेला वायर सोलायचा चिमटा. तळाशी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक. तो तू केबलच्या मधल्या तारेला लावलास आणि तार टचकन चिकटली. "लोखंड हाय. वर तांब्याचा मुलामा. खाडीची हवा एका पावसाल्यात खाईल तिला." मी म्हटलं, "अरे, टीव्हीला सगळे हीच लावतात." "टीव्ही बंद पडला तं शिरेल बुडंल. हा बंद पडला तं?" म्हणजे तू मनात कॅमेरा बसवून मोकळा झालेलास! मी त्याच पावली बाजारात गेले. दुकानदाराने दोन-तीन केबली दाखवल्या. मी तिथेच चुंबक काढून लावत बसले, आतली तारांची जाळी किती दाट आहे ते नखाने उलगडून बघितलं. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, एवढं कुठल्या बंगल्याचं काम आहे?" मी म्हटलं, "वडिलांचं आहे." त्याने आतून केबलचा नवीन ड्रम काढला.

हत्यारांवरून मात्र आपलं वाजलं. तुला प्रत्येक जोड कथलाचा डाग देऊन हवा, मी कंपनीतून क्रिम्पिंगचा दाबायचा चिमटा आणलेला. "दाबून बसवलेला कवा ना कवा सुटतंय," तुझं पालुपद. मी कनेक्टर दाबून बसवला आणि तुझ्या हातात दिला, म्हटलं, ओढ. तू डाव्या हाताने ओढलास, मग केबल दातांत धरून ओढलीस. आई दारात टोपली उतरवत होती, ती म्हणाली, "अगं बाय, उंट नाय तं खाटंवरनं शेल्या हाकतोय हा!" कनेक्टर सुटला नाही. तू तो उलटसुलट बघून "बराय" म्हणालास. तुझ्याकडून "बराय" मिळणं म्हणजे काय ते वागळे इस्टेटमधल्या तुझ्या हाताखालच्या कुणालाही विचारावं.

आता केबल ओढायची. तुझ्या खाटेजवळच्या भिंतीतल्या भोकातून केबलसाठी घातलेला पाइप माळ्यावर, माळ्यावरच्या जुन्या जाळ्यांखालून पुढच्या दारापर्यंत. हे काम दोघांचं, एक ओढणारा आणि एक सोडणारा. लहानपणी नारळी पौर्णिमेच्या लाइटिंगला मी वायर हिसकली होती आणि आतली तार तुटली होती, तेव्हा सगळ्या गल्लीसमोर तू मला झाडलेलंस, "जाला खेचतात गो, वायर नाय! सोरनाऱ्याकडं ध्यान ठेव." भाऊ तेव्हा नोकरीसाठी पुण्याला. मी विचारात, आता सोडणार कोण. तर तू वेटोळं तुझ्या छातीवर ठेवायला सांगितलंस. मी पुढच्या दारात शिडीवर, तू आत खाटेवर, मध्ये दोन भिंती. मी हळू ओढतेय आणि पलीकडून केबल येतेय, अडकत नाही, पीळ पडत नाही, अगदी माझ्या हाताच्या चालीने येतेय. मधूनच तुझा आवाज, वेडावाकडा पण मोठा, "सोरतंय गो!" सोडतोय म्हणायच्या जागी तुझं ते सोरतंय. तो आवाज पुढच्या खोलीत पोचला, बाबा. तो ओट्यापलीकडेही पोचला असेल, कारण शेजारीण डोकावून म्हणाली, "कोन ओरडतंय? तो?" मी शिडीवर रडत होते आणि ओढत होते.

चित्र आलं. आपला ओटा, समोरची गल्ली, वाळत टाकलेली सुकट, सगळं काळं-पांढरं. आणि पंधरवड्याने ऐन उन्हाच्या दुपारी गेलं. मी रविवारी येऊन कॅमेरा तपासला, टीव्ही तपासला, मीटर लावलं, तर केबलमध्येच शॉर्ट. पाइपच्या टोकापासून कॅमेऱ्यापर्यंतचा तुकडा वाशाला क्लिपांनी ठोकायचं काम मी आईवर सोपवलं होतं. तो आईने ठोकलेला नव्हता, बांधलेला होता. जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने, वीतवीत अंतरावर, कोळ्याची गाठ, दात लावून आवळलेली! पत्रा तापला, केबलच्या आतला पांढरा थर मऊ पडला आणि गाठींनी तो असा दाबला की बाहेरची जाळी मधल्या तारेला टेकली. मी म्हटलं, "आई, कुणी सांगितलं बांधायला?" आईने तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "वाऱ्यानं हालंल म्हनून." आई म्हणाली, "हा सांगत होता, आवल, अजून आवल, मासा सुटाचा नाय. मी आवलला." आणि मग ती हसायला लागली, आणि तुझ्या तोंडाची एक बाजू हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. मी तो तुकडा कापून नवीन घातला आणि क्लिपा स्वतः ठोकल्या.

त्यानंतर तू भिंतीकडे तोंड केलं नाहीस. दिवसभर टीव्ही. कुठली मालिका नाही, आपली गल्ली. बायका बाजारातून येताना टोपलीतली चिंबोरी उचलून कॅमेऱ्यासमोर नाचवायच्या, "बग रं, काय मिललंय!" आणि तू आतून, त्यांना ऐकू जाईल न जाईल, "नर हाय गो, भरलेला नाय." एकदा दुपारी एक अनोळखी माणूस सरळ ओट्यावर चढून आत वाकून बघायला लागला. तू बटण दाबलंस आणि धरूनच ठेवलंस. सगळी गल्ली धावली, एकीच्या हातात तर मासळी कापायचा कोयता. तो बिचारा नळाचं मीटर बघायला आलेला! त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला खाली बसवून चहा पाजला. मधल्या खोलीतून तू विचारलंस, "कोन आयलाय? आत पाटवा त्याला." तो आत येऊन खाटेपाशी हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पुढच्या वेळी बाहेरनंच हाक मारीन." आईने मला हे सांगताना तुझी नक्कल केली. म्हणाली, पोलीस पाटलासारखा मान हलवत होता.

तू गेलास तेव्हाही टीव्ही चालू होता. तुला बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं, माणसं जमली, आणि मी आत काहीतरी आणायला आले तर समोर पडद्यावर तूच. सगळे तुझ्याभोवती बसलेले. मी तिथेच खाली बसले. आईने आत येऊन मला उठवलं, पण टीव्ही बंद केला नाही. पुढे कॅमेरा बिघडला, टीव्ही भंगारात गेला, आईही गेली. केबल राहिली. आता भाऊ वायरीशिवायचे कॅमेरे बसवणार आहे, फोनवर दिसणारे. चांगले असतात ते. मीच त्याला कुठले घे ते सांगितलंय.

हे पत्र मी कुठे टाकणार. घडी घालून तुझ्या चिमट्याबरोबर पिशवीत ठेवीन. मघाशी पेंटर जेवायला गेले तेव्हा मी दाराशी शिडीवर चढले, केबलचं टोक धरलं आणि हळू ओढलं, हिसकलं नाही. आली नाही. आत खोली रिकामी आहे हे मला माहीत होतं, तरी जरा थांबले. मग पेंटर हात पुसत आला, म्हणाला, "काय ताई, काढू ना?"

"नको," म्हटलं. "चालू आहे ती."