मंगळावर आलेला पोदेर

आई, तुला पत्र लिहायची मला सवय नाही. आपण दोघी कधी इतक्या लांब राहिलोच नाही की पत्र लिहावं लागेल. सगळ्यांत लांब गेले होते ते त्या वर्षी, गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या दिवाळीनंतर. तेव्हाही तू जेमतेम तीन शेतांपलीकडे होतीस, आणि आपण मात्र धरून चाललो होतो की तू पृथ्वीवर आहेस आणि मी मंगळावर. गेल्या रविवारी काकींना भेटून आले. काकी आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, गुडघे धरलेत, तोंड मात्र तस्संच. त्यांनीच मला हे लिहायला बसवलं आहे. का, ते शेवटी सांगते. तुला मध्येच शेवट विचारायची खोड नव्हती, म्हणून बरं.

ते खूळ कंपाउंडरकाकांच्या डोक्यातून निघालं हे तुला आठवत असेल. डिचोलीत डॉक्टरांकडे दिवसभर बाटल्यांवर मात्रेच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी माळ्यावर दुर्बीण लावून बसायचं, असा तो माणूस. मी कॉलेजच्या वाचनालयातून मंगळावरचं पुस्तक आणलं, काकांनी ते दोनदा वाचलं, आणि एका रविवारी आपल्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता म्हणाले की आपल्याला तिथं कुणी नेणार नाही, पण जाऊन राहायचं म्हणजे काय ते तरी करून बघू. तांबडी माती आपल्याकडे हवी तेवढी आहे. सुर्ल्याच्या बाजूला एका बंद पडलेल्या खाणीवर पत्र्याची खोली होती, भोकं मारून काढलेल्या दगडांच्या कांड्या पूर्वी तिच्यात ठेवायचे. तीन माणसांनी तिच्यात सात दिवस कोंडून घ्यायचं. जेवढं अन्न, जेवढं पाणी आत नेलं तेवढ्यावर भागवायचं. बाहेर पडायचं तर सूट घालून. काका, काकी आणि मी. काकी येणार म्हटल्यावर लोकांच्या जिभा आपोआप गप्प बसल्या, आणि बाबा हसून सगळं तुझ्यावर सोपवून मोकळे झाले.

तू मात्र हसली नाहीस. आडोळीवर बसून नारळ खवत होतीस, आणि खवणं न थांबवता म्हणालीस, "तुजां सगळां अर्दां. शिवण अर्दां, टायपिंग अर्दां. आता ह्यां तरी पुरां कर. आणि पुरां म्हणजे पुरां, खोटां सांगून नाय." मी चिडले होते. चिडले, कारण खरं होतं. हिंदीच्या परीक्षा मी दोन दिल्या आणि तिसरीचा फॉर्म भरून घरी बसले, हे तू त्या दिवशी बोलली नाहीस एवढंच. त्या सात दिवसांवर माझं काय लागलं होतं ते काकांना कधी कळलं नसेल. त्यांना मंगळ हवा होता. मला तू एकदा तरी 'झालं' म्हणायला हवी होतीस.

मग तूच पृथ्वी झालीस. टेलिफोन एक्स्चेंजमधून हक्काची रजा काढलीस, फिटरच्या खोलीच्या पडवीत टेबल लावलंस, आणि फिटरने तिथून आमच्या खोलीपर्यंत तार ओढून दोन जुने फोन जोडून दिले. फिटर कोल्हापूरकडचा, खाणीच्या वर्कशॉपातला, हाताला भलता चांगला. खोलीला एकामागे एक दोन दारं त्यानेच बसवली आणि जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर फटींना ठोकून दिलं. नियम असा होता की एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. इथून मंगळावर शब्द पोचायला वेळ लागतो. आम्ही जायला अकरा मिनिटं आणि यायला अकरा असा हिशेब ठरवला, आणि तो पाळायचं काम तुझ्याकडे आलं. मी फोनवर बोलायची, तू लिहून घ्यायचीस, गजराच्या घड्याळावर अकरा मिनिटं जाऊ द्यायचीस आणि मग जणू आत्ताच कानावर पडलं अशा चेहऱ्याने तो कागद फिटरला वाचून दाखवायचीस.

दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. मी शाळेत असताना एकदा तुझ्या बोर्डाजवळ स्टुलावर बसले होते ते आठवतं. तू एक दोरी इथे खुपसतेस, एक तिथे, "बोला" म्हणतेस आणि नजर भिंतीवर लावतेस. पेडण्याच्या एका माणसाला मुंबईहून मुलगा झाल्याचा ट्रंक कॉल आला, तो तूच जोडला होतास, मी बघितलं. संध्याकाळी त्याची आई आपल्याकडे पेढे घेऊन आली तर तू दोन्ही हात गालांवर ठेवून अशी काही नवलात पडलीस की मीच फसले. ती गेल्यावर मी विचारलं, तर म्हणालीस की दुपारी ते ऑपरेटरने ऐकलं, आता मी ऐकलं. मला तेव्हा ते नाटक वाटलं होतं. ते नाटक नव्हतं, तुझं काम करायची ती रीत होती.

तयारीचे ते दोन महिने, आई, मी आयुष्यात इतकी हसले नसेन. काकींनी छत्रीच्या कापडाचे सूट शिवले आणि काकांच्या सुटाला आठवणीने तपकिरीच्या डबीचा खिसा ठेवला. खारे बांगडे न्यायचे की नाही यावर तीन बैठका झाल्या. बंद खोलीत वास कोंडेल, असं काकांचं म्हणणं. बांगड्याशिवाय पेज घशाखाली उतरत नाही, तर मंगळ कसा उतरेल, असं काकींचं. बांगडे गेले. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकी सुंगटं, सोलां, पोहे, सगळं तोलून बांधलं. पाव तेवढा वगळला, दुसऱ्या दिवशी कडक होतो म्हणून. त्या वर्षी गावात जिकडे तिकडे भाषेवरून हमरीतुमरी चालली होती, तर आमची नोंदवही कुठल्या भाषेत ठेवायची यावरून काका आणि फिटर असे जुंपले की चहा गार झाला. तूच निकाल दिलास: बोलायचं कोकणीत, लिहायचं मराठीत, ओरडायचं ज्याला जे येईल त्यात. मग काकींनी सोमवार काढला. काकी सोमवारी मासे खात नाहीत, आणि मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, तेव्हा तिथला सोमवार कधी सुरू होणार? काका कागद घेऊन बसले. तू विचारलंस, "देव खंय आसा? थंयचो सोमवार." काकांनी कागद मिटला.

रविवारी सकाळी आम्ही आत गेलो. पहिले तीन दिवस खरंच छान गेले. सूट घालून बाहेर पडायचं, लाल उतारावरून हळूहळू चालायचं, दगड गोळा करून त्यांना नंबर द्यायचे. काकी मोपेडचं हेल्मेट घालून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि काका त्यांच्याकडे असे बघायचे की लग्नाला पंचवीस वर्षं झालीत यावर कुणाचा विश्वास बसला नसता. दुपारी मी तुला आकडे कळवायची, किती पाणी उरलं, कुणाची नाडी किती. तू प्रत्येक आकडा सुटा सुटा परत म्हणायचीस. बावीस मिनिटांनी घंटी वाजायची आणि तू म्हणायचीस, "पृथ्वी. ऐकलं." त्या दोन शब्दांसाठी मी आकडे जरा जास्तच पाठवायला लागले होते.

आणि बुधवार. सकाळचे सात वाजलेत. चुलीवर बिनदुधाचा चहा उकळतोय, काका पाणी मोजताहेत, आणि बाहेरून पों पों ऐकू येतं. पोदेर. खाणकामगारांच्या खोल्यांना पाव घालायला तो रोज त्या बाजूला येत असणार, आणि आमच्या खोलीतून धूर दिसला म्हणून सायकल वर घेऊन आला. जन्मभर ज्या घरांत त्या भोंग्यावर माणूस उठून दाराकडे जातो, त्याच घरांतली आम्ही तिघं. पुढच्या मिनिटाला दोन्ही दारं सताड उघडी होती, लाल धूळ आत येत होती, टेबलावर सहा पाव होते, आणि पोदेर रबराच्या झालरीतून डोकं आत घालून विचारत होता, "कितें चल्लां हांगा?" काकांनी त्याला फार सभ्यपणे सांगितलं की आम्ही तिघंही आत्ताच मेलो आहोत. तो आपला टोपली झाकून निघून गेला.

नंतर कुणी हसलं नाही. काका पावांकडे बघत बसले. ते म्हणाले, पृथ्वीला न कळवताही चालेल, पोदेर थोडाच वर्तमानपत्रात देणार आहे. मी म्हटलं नाही, आणि फोन उचलला. दार उघडलं, दोन्ही, चुकून, पाव घेतले, एवढं सांगितलं. पलीकडून तू प्रत्येक शब्द परत म्हटलास आणि फोन ठेवलास. तुझ्या आवाजातून काही म्हणजे काही कळलं नाही. माझं टायपिंग, माझं शिवण, सगळं त्या बावीस मिनिटांत माझ्यासमोर येऊन बसलं. तुझ्या बाजूला काय झालं ते फिटरने मला पुढे सांगितलं. त्याला राहवलं नाही, तो म्हणाला, "आक्का, उत्तर द्या की लगीच, पोरगी घाबरली असंल." आणि तू घड्याळाकडे बोट दाखवलंस. "माका अजून कायच कळूक नाय. सात मिनटां आसत."

बावीस मिनिटांनी घंटी वाजली. तू विचारलंस, "दार कोणी उघडलं?" मी तोंड उघडायच्या आत काकींनी माझ्या हातातून फोन घेतला. "मियां गे, वयनी. सवय." पुन्हा बावीस मिनिटं. काकी तेवढ्यात पेजेसाठी तांदूळ धुवायला बसल्या, जणू काही झालंच नव्हतं. मग तुझं उत्तर आलं, "आज पयलो दिस. परत मोजा. जेवण पुरवून खावा."

रागावली नाहीस, मोहीम बंद केली नाहीस, चालेल असंही म्हणाली नाहीस. परत मोजा. मला इतका आनंद झाला की मी त्या छोट्या खोलीत काकांचा हात धरून नाचले. अर्धं राहिलं तर पहिल्यापासून मोजता येतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. फिटर सायकल मारत डॉक्टरांकडे काकांची रजा वाढवून मागायला गेला. आमचे सात दिवसांचे दहा झाले. पाणी काकांनी औषधवाल्याच्या सावधपणाने मुळातच दुप्पट भरलं होतं. अन्न मात्र काकींनी पुरवलं. शेवटी एक खारा बांगडा तिघांत, आणि तोही सोमवार टाळून. पोदेर रोज सकाळी दाराबाहेर थांबून मुद्दाम दोनदा भोंगा वाजवायचा, आणि आम्ही तिघं एकमेकांचे हात धरून बसायचो. पुढच्या बुधवारी तू स्वतः येऊन बाहेरचं दार ठोठावलंस. मी आतलं उघडून, लावून, मग बाहेरचं उघडलं. तू माझ्याकडे नखशिखान्त बघितलंस, तोंडावरची लाल माती पदराने पुसलीस आणि म्हणालीस, "जालां."

नंतर मी काहीच अर्धं सोडलं नाही असं नाही, पण सोडलं ते परत पहिल्या दिवसापासून मोजलं. बी.एड. तसंच झालं, दुसऱ्या खेपेला. तीस वर्षं मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं. तू मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तीच गोष्ट सांगायचीस, "माजां चेडू सात दिस मंगळार रवलां, एकदाय दार उघडूक नाय," आणि मग काकींकडे बोट दाखवून, ही मात्र पावासाठी मेली हो. सगळे हसायचे, काकी सगळ्यांत जास्त. मीही हसायचे, आणि ताटातलं काहीतरी चिवडत राहायचे.

गेल्या रविवारी काकी म्हणाल्या, "तुज्या आवयन सगळ्या जगाक सांगल्यान, पण माका एकदाय विचारूक नाय, कित्याक उघडलंस म्हणान. आता तरी तिका सांग गे." मी उठले. घरी आले, चहा केला, आणि हे लिहायला बसले. तू आहेस तिथे टपाल जात नाही, ही पानं कुठे पाठवायची नाहीत, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. दार मी उघडलं होतं, आई. काकी तेव्हा केस विंचरत होत्या. आणि पाव सहा नव्हते, सात होते. सातवा मी तिथेच उंबऱ्यावर, हेल्मेटशिवाय, उभ्याउभ्या खाल्ला. गरम होता. खूप चांगला लागला.