वेताळगडाची नवी पदे

५ ऑगस्ट १९५६, रविवार
आजपासून रोजनिशी लिहायची. त्याने मन ताब्यात राहतं, असं डॉक्टर म्हणाले. माझं मन ताब्यातच आहे. तरी लिहितो.

विमल गेल्यानंतर आज पहिल्यांदा रविवारचा खेळ मांडला. नोंद असावी म्हणून खेळ लिहून ठेवतो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि काही धाडस केलं तर ते जमलं की फसलं हे कवड्या टाकून ठरवायचं. खेळ विमलने काढला. गोष्ट तीच सांगायची. शेजारचे दिनकरराव शिलेदार. तिची मैत्रीण सुमनताई इथे ग्वाल्हेरात कंपू भागातल्या शाळेत शिकवतात, त्या वैद्य. विमलचा धाकटा भाऊ रमाकांत मांत्रिक. चहा माझ्याकडे.

एप्रिलमध्ये तिघे वेताळगडाच्या दारापर्यंत पोचले होते. आत काय आहे ते सांगायच्या आत विमल आजारी पडली. आता गोष्ट मी सांगायची असं ठरलं. तुम्ही दारापाशी उभे आहात, असं मी म्हणालो. रमाकांत म्हणाला, हो भावोजी, तेवढं मालूम आहे. त्यापुढे गोष्ट सरकली नाही. दोनदा चहा झाला.

सुरुवात चांगली झाली.

१२ ऑगस्ट, रविवार
अजून दारापाशीच. कारण माझ्या लक्षात आलं. एवढा मोठा गड आणि माणसं तीन प्रकारची. शिलेदार, वैद्य, मांत्रिक. इतक्या तुटपुंज्या नेमणुकांवर कुठला गड घेता येतो? विमलने घाईत खेळ काढला, तेव्हा हे राहून गेलं असणार.

निश्चय: नवी पदं निर्माण करायची. गणपतीपर्यंत गड घ्यायचा.

१९ ऑगस्ट, रविवार
दोन नवी पदं जाहीर केली. मोजणीदार आणि दुभाषी.

दिनकररावांनी विचारलं, मोजणीदार करतो काय. दार मोजतो. मग? मोजमाप लिहून ठेवतो. मग? मग पुढच्या रविवारी आत जायचं. दिनकरराव म्हणाले, आमचे खापरपणजोबा महादजींच्या फौजेत होते, त्यांनी कुठलं दार मोजल्याचं आमच्या कानावर नाही.

सुमनताईंचा स्वभाव चांगला. त्यांनी दुभाष्याचं काम जादा म्हणून घेतलं आणि वेताळ कुठली भाषा बोलतो ते विचारलं. ते मी ठरवलं नव्हतं. रमाकांत म्हणाला, ग्वाल्हेरचा वेताळ आहे, हिंदीच बोलणार, उसमें दुभाषी का क्या काम.

हल्लीच्या मुलांना पदाची किंमत नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार
कचेरीत आज कोणी काम केलं नाही. नोव्हेंबरपासून मध्यभारत संपणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. चार मुलखांचे नोकर एका यादीत बसवायचे. तिकडचा हेडक्लार्क इकडच्या कोणाच्या बरोबरीचा, ज्येष्ठ कोण, कनिष्ठ कोण, यावर सगळे तळमळत होते. शेजारच्या टेबलावरचे दौलतसिंह तर जेवले नाहीत.

मला मात्र त्यातून मार्ग सापडला. आमच्या खेळातही कोण कोणाच्या बरोबरीचं हे कधी ठरलेलंच नाही. म्हणून तिघे दारापाशी अडले आहेत. आधी कोणी आत जायचं हेच कळत नसेल, तर जाणार कसे?

२ सप्टेंबर, रविवार
पदांची बरोबरी वाचून दाखवली. एक शिलेदार म्हणजे दोन मांत्रिक. वैद्य मांत्रिकाच्या बरोबरीचा, पण युद्धकाळात त्याच्या वर. विमलच्या वेळचे सगळे तूर्त हंगामी. मंत्र म्हणण्याआधी मांत्रिकाने शिलेदाराची शिफारस घ्यायची.

रमाकांत म्हणाला, भावोजी, राक्षस अंगावर आला तर मी आधी दिनकररावांना शोधत फिरू? मी म्हणालो, तातडीच्या प्रसंगी तोंडी शिफारस चालेल.

 हंगामी शिलेदार, एवढंच दिनकरराव दोनदा पुटपुटले. चहा अर्धा टाकून उठले.

९ सप्टेंबर, रविवार
काल गणेशचतुर्थी होती. यंदा आमच्याकडे बसवले नाहीत. गडही घेतला नाही. दिनकरराव आले नाहीत. तब्येत बरी नाही असं घरून सांगितलं, पण गच्चीवर पतंगाचा मांजा गुंडाळताना दिसले.

सुमनताई म्हणाल्या, मधुसूदनराव, तुम्ही नुसतं दार उघडा हो. मी म्हणालो, दार उघडणं हे द्वारपालाचं काम. ते पद अजून निर्माण झालेलं नाही.

द्वारपालाचं पद निर्माण केलं.

१६ सप्टेंबर, रविवार
नवं रक्त हवं म्हणून दौलतसिंहांना बोलावलं. पाटणकर बाजारातून नव्या कवड्या आणल्या. दौलतसिंहांना खबऱ्याचं पद दिलं, सगळे नियम समजावले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, भाईसाहब, इतना बता दीजिए, मारना किसको है?

ते अजून ठरायचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी दोन करंज्या खाल्ल्या आणि गेले. रमाकांत इतका हसला की त्याला ठसका लागला. विमलही अशीच हसायची. दोघांना हसताना ठसका लागतो. लागायचा.

२३ सप्टेंबर, रविवार
रमाकांतची नेमणूक भोपाळला, नव्या राज्याच्या कचेरीत. एक नोव्हेंबरपूर्वी हजर व्हायचं.

मी विचार केला. यात अडचण काही नाही. मांत्रिकाला प्रतिनियुक्तीवर दाखवता येईल. लागेल तेव्हा मंत्र टपालाने पाठवायचा, आम्ही तो इथे वाचायचा. रमाकांतला सांगितलं.  तो म्हणाला, भावोजी, जायच्या आधी एकदा आत जाऊ या ना. ताईची गोष्ट आहे. अधुरी टाकून कसा जाऊ?

मी म्हणालो, जाऊ. नियमाप्रमाणे जाऊ.

७ ऑक्टोबर, रविवार
सुमनताई एकट्याच आल्या. भाजीबद्दल बोललो.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. आत काय आहे ते विमलने ठरवलेलं होतं. ती ठरवल्याशिवाय काही करत नसे. आता मी भलतंच काही सांगितलं तर तिचं खोटं पडेल. म्हणून दार बंद आहे. पदांचा प्रश्न त्यानंतरचा.

निश्चय: तिने काय ठरवलं असेल ते शांतपणे विचार करून शोधायचं. दसऱ्याला आत जायचं.

१४ ऑक्टोबर, रविवार
दसरा. सकाळपासून शांतपणे विचार केला. काही सापडलं नाही. दुपारी झोप लागली. सगळे येऊन दार वाजवून परत गेले म्हणे.

२८ ऑक्टोबर, रविवार
रमाकांतचा शेवटचा रविवार. दिनकररावही आले. मी त्यांना कायम केल्याचं सांगितलं. ते म्हणाले, कृपा.

तिघे पाटाभोवती बसले. तुम्ही दारापाशी उभे आहात, मी म्हणालो. रमाकांत म्हणाला, दार ढकललं. कवड्या टाकल्या. उघडलं.

 मग मी सांगून टाकलं की विमलने आत काय ठेवलं होतं ते मला माहीत नाही, आणि वेगळं काही सांगायचा मला अधिकार नाही.

सुमनताई म्हणाल्या, अहो, तिला तरी कुठे माहीत होतं! दर रविवारी सकाळी माझ्याकडे येऊन विचारायची, सुमन, आज या मंडळींना कुठे नेऊ गं? या दाराचं तर तिला अगदी शेवटपर्यंत सुचलं नव्हतं. दवाखान्यात हसत म्हणाली होती, बरं झालं आजारी पडले, सुटले.

 ती ठरवल्याशिवाय करत नसे, असं मी म्हणालो. दिनकरराव म्हणाले, लग्न झालं की माणसाला असंच वाटतं.

मग रमाकांतने विचारलं, भावोजी, आत काय आहे?

मला जे दिसलं ते सांगितलं. लांब दालन आहे. टेबलं आहेत. शेवटच्या टेबलाशी वेताळ बसला आहे. त्याचीही बदली झाली आहे. कुठे, ते त्याला कोणी सांगत नाही.

तिघे हसायला लागले. थांबेनात. दिनकररावांनी डोळे पुसले. रमाकांतला ठसका लागला. मी विनोद केला नव्हता. वेताळाने तलवार उपसली नाही, तिघांना बसा म्हणाला. सुमनताईंनी त्याची नाडी पाहिली. त्याने किल्ल्या पुढे केल्या. गड मिळाला. नव्या पदांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही.

रमाकांत हसता हसता रडायला लागला, तेव्हा मी चहा करायला आत गेलो.

३० ऑक्टोबर, मंगळवार
रमाकांतला स्टेशनवर पोचवलं. पाया पडला. भोपाळला खेळ सुरू करतो, ताईसारखाच, म्हणाला. नवी पदं कळवू का, असं मी विचारलं. गाडी हलली होती, त्याला ऐकू आलं नसावं.

४ नोव्हेंबर, रविवार
भाऊबीज. यंदा सण नाही. दरवर्षी आजच्या दिवशी रमाकांत सकाळीच यायचा.

नवं राज्य होऊन तीन दिवस झाले. काही जाणवत नाही.

निश्चय केला होता की पदं सगळी रद्द, नवी गोष्ट सुरू करायची. गेल्या रविवारी जमली, म्हणजे येते मला. चार वाजता दिनकरराव आणि सुमनताई आले. पाट मांडला. मी सुरुवात केली. एक बाई होती, म्हणालो.

सुमनताईंनी विचारलं, मग?

मग मी पाटावरच्या कवड्या एका ओळीत लावू लागलो.

दिनकरराव म्हणाले, राहू द्या, आधी मी कवड्या टाकतो. टाकल्या. कशासाठी टाकल्या ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिघे वाकून पाहत होतो.

दान चांगलं पडलं.