सुचेताचं वाचन तपासलं त्याची हकिगत

इंद्रपुरी, भोपाळ

ती. ताईस,

नीळकंठचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भाऊजींची प्रकृती ठणठणीत असेलच. इकडे कमलिनीचा खोकला गेला आणि मला आला, बाकी क्षेम.

सुचेता तिसरीत गेली. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, तोंडी सगळं येतं, पण फळ्यावरचं वाचत नाही. आमच्या कारखान्यात यंत्र अडलं की आधी बाहेरून तपासतात. त्याच रीतीने आधी डोळे दाखवले, मग कान. दोन्ही उत्तम. (कानाच्या डॉक्टरांनी जाता जाता माझेही तपासले, डावा कमी निघाला. कमलिनीला ते लग्नापासून ठाऊक होतं म्हणे.) शेवटी साकेत नगरात तिवारी मॅडमकडे गेलो. मुलं वाचताना नेमकी कुठे अडतात, हे त्या तपासतात.

पहिल्यांदा शब्दांचे अर्थ. मॅडमनी हिंदीत विचारलं, शिक्षा म्हणजे काय? सुचेता म्हणाली, "कोने में खड़े रहना." मी लगेच समजावलं की आमच्या मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण, आणि मुलीच्या अनुभवात दोन्ही एकाच इमारतीत मिळतात. मॅडम म्हणाल्या, "भाई साहब, जवाब मुझे बच्ची से चाहिए." मग त्यांनी टमू, गपा, झिले असले शब्द वाचायला दिले. हे कुठल्याच भाषेत नाहीत, असं मी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यावर मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. (दार उघडं होतं आणि मी उजवा कान तिकडे करून बसलो.) सुचेताने टमूचा टमाटर केला, गपाच्या गप्पा केल्या आणि झिलेला हातच लावला नाही.

मग शाळेचं पुस्तक. ताई, तिने कोल्ह्याचा धडा असा घडाघडा वाचला, आवाज चढवून, थांबायचं तिथे थांबून, की मी बाकावरून उठून दारात आलो. तेवढ्यात मॅडमनी हळूच पानावर हात ठेवला. वाचन थांबलं नाही. चार ओळी पुढे गेल्यावर तिला तो हात दिसला आणि ती गप्प झाली. संध्याकाळी पोळ्या लाटताना कमलिनी धडे वाचून दाखवते, ते ऐकून तिने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. नुसतं कोणाला कळू नये म्हणून.

मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, इतकं पाठ करायला केवढी मेहनत लागली असेल. बुद्धी चांगली आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ पडत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. वेळ लागेल, पण जमेल. आता ताटात रवा पसरून रोज बोटाने अक्षरं गिरवतो. परवा तिने दुकानाची पाटी वाचली. तोवर दुकान बंद झालं, पण वाचली.

तुझा,
नीळकंठ

ता. क. तुमच्या हेमंतच्या मुंजीला आम्ही येतो आहोत. जेवणं झाल्यावर मुलांना ओळीने बसवून मोठ्याने पेपर वाचायला लावायची भाऊजींना हौस आहे. यंदा ती आवरता आली तर बघ. पत्र खरं त्यासाठीच.

आणखी एक. हे सुचेता सांगते आहे, मी फक्त लिहितो: आत्या, मी पूर्ण पंगत वाढीन, मीठसुद्धा. आतोबांनी विचारलं तर सांग, तिला वाचता येत नाही अजून. 'अजून' गाळू नकोस.