थोर माणसाचं जन्मगाव

आई, तू गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या नोकरीतल्या नोंदी अजून मलाच चाळाव्या लागतात. परवा समितीची माणसं घरी आली होती. तालुक्यातल्या थोर माणसांचा गौरवग्रंथ निघतोय. मजकूर तपासायचं काम माझ्याकडं आलंय, कारण सगळी पानं शेवटपर्यंत वाचेल असा दुसरा कुणी त्यांना सापडला नाही. पहिल्याच पानावर दिल्लीतले ते मोठे अधिकारी. कोटातला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'जन्म : राहू, ता. दौंड.'

पहिलटकरीण माहेरी जाते, हे समितीतल्या एकाही पुरुषाला आठवलं नाही, आणि बाई समितीत एकही नाही. त्या अधिकाऱ्यांचं आजोळ भीमेपलीकडं, शिरूरच्या हद्दीत. तिथल्या उपकेंद्राची तू नर्स. तुझी डायरी माझ्या कपाटात आहे. त्यात त्यांच्या आईचं नाव आहे, गाव आहे, आणि पुढं तुझ्या तिरक्या अक्षरात, 'मुलगा. पायाळू. उशिरा रडला.'

तो दिवस मलाही आठवतो. शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला बरोबर नेलं होतंस. मी अंगणात बसलोय आणि आतून बराच वेळ फक्त तुझाच आवाज येतोय, "कळ दे बाय, आजून एक. भ्यायचं न्हाई." मग पोरगं रडतं. तू बाहेर येतेस, कोपरापर्यंत हात धुतेस. घरातली म्हातारी वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी तुला काढायला सांगते, वरून चहा ओतते, आणि आत जाऊन बाळावर गोमूत्र शिंपडते. तू चहा पितेस, कपबशी विसळून परत वळचणीला ठेवतेस. वाटेत मी काहीतरी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "चहा ग्वाड व्हता." तेवढंच.

पुढं ते पोरगं मोठी परीक्षा पास होऊन पेपरात झळकलं, तेव्हा मी वरवंडच्या हॉटेलात सांगून आलो, ह्याला पहिला हात आमच्या आईचा लागलाय. संध्याकाळी तू स्वयंपाकघरात मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हाटेलात भाषान केलंस म्हनं?"

"खोटं काय सांगितलं?"

"खरं हाय म्हनून काय झालं? बाई आडलेली आसती तवा आपन तिथं आसतो. त्ये बाहेर न्यायचं नसतं. तुझ्या लिहिन्यात तर न्हाईच न्हाई."

"आणि ते गोमूत्र?"

"त्ये तर मुळीच न्हाई. म्हातारीनं केलं. त्या पोरीचा काय गुन्हा?"

माझं तोंड बंद करणारी तू एकटीच. बाकीच्यांना मी लेखातून गाठतो.

तर परवा मी अध्यक्षांना सांगितलं, साहेबांचा जन्म नदीपलीकडचा आहे. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजी शिरूरचे? आवो सर, आमी गावात कमान बांधलीय!"

"लेखी नोंद आहे."

"कुनाची?"

"माझ्या आईची. त्या पानावर तिचंही नाव यायला हवं. पायाळू होते साहेब. ती नसती तर तुम्ही कमान कुणासाठी बांधली असती?"

ते माझ्या घरातल्या कपातून दोन घोट चहा प्यायले. मग मऊ आवाजात म्हणाले, "आईंचं बघू की फुडच्या आवृत्तीत. आन् सर, तुमचंबी पान हाय ह्यात. फोटोसकट. तेवढं समजून घ्या."

त्यांनी पान काढून दाखवलं. फोटो बरा आला होता, केस होते तेव्हाचा. खाली छापलं होतं, 'परखड लेखक'. मी पहिल्या पानावर लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', आणि सही केली.

जेवताना तुझ्या सुनेनं विचारलं, काय ठरलं? मी म्हणालो, आईचा नियम होता, बाळंतपणाचं बाहेर न्यायचं नाही, म्हणून सोडून दिलं. तिला ते पटलं. तिनं तुझी आठवणही काढली.

आई, नियम तुझाच होता. पण सही करताना तो मला आठवला नव्हता. ताटावर बसल्यावर आठवला.