बाकाखालचा स्पीकर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा स्पीकर दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी काल तपासले. डोके शाबूत असल्याचे त्यांनी लिहून दिले. गुडघ्यांबद्दल लिहायचे टाळले.

१. राहत्या दोन खोल्या आणि पुढचे दुकान माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. मात्र खिडकीजवळचे लाकडी बाक विकू नये. कारण लिहून ठेवते.

माझ्या यजमानांनी पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसच्या धडाक्यात सव्वीस वर्षे काढली आणि कान गमावले. गाण्याचा वेडा माणूस, तो रेडिओकडे पाठ करून बसू लागला. तेव्हा धाकटे दीर, ज्यांचे चौकात स्पीकरचे मोठे दुकान आहे, खोक्यावर 'दोन हजार वॅट' छापलेला सबवूफर, म्हणजे अंगाला जाणवणारा जाड घुमारा काढणारा स्पीकर, घेऊन आले. "वहिनी, भिंती हलतील बघा!" भिंती सोडा, पेल्यातले पाणीही हलले नाही. मी तो उघडला. बशीएवढ्या काळ्या टोपणाखाली डबीच्या झाकणाएवढे चुंबक!

मी तसाच तो त्यांच्या दुकानात नेला आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "भावोजी, वॅट म्हणजे त्याला किती वीज सोसते ते. ढकलायची ताकद चुंबकात आणि त्याच्या फटीतल्या तारेत असते. ती इथे कुठाय?"

"पाना धरणाऱ्या बाईने मला धंदा शिकवू नये," ते म्हणाले.

नऊ वर्षे आम्ही बोललो नाही. माझे बोलणे खरे होते. जागा चुकली, हे मी इथे कबूल करते.

मग मी स्वतःच बांधायला घेतला. जाड चुंबक, आणि फट इतकी अरुंद की कॉइल, म्हणजे फटीतले तारेचे वेटोळे, दोनदा घासून जळली. चुंबकाचा जोर आणि फटीतल्या तारेची लांबी यांच्या गुणाकाराला कागदोपत्री बीएल म्हणतात. दिरांच्या स्पीकरचा सात भरला होता, माझा एकवीस भरला. म्हणजे तेवढ्याच करंटला तिप्पट धक्का. स्पीकरची पेटी बाकाच्या फळीखाली घट्ट कसली, यजमानांना वर बसवले आणि गाणे लावले. त्यांनी फळीवर एक तळवा टेकला, मग दुसरा. डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाले, "अगं, हा ढोलवाला घाई करतोय."

शेवटची सहा वर्षे रोज संध्याकाळी ते तिथे बसत. मीही शेजारी.

२. कॉइल गुंडाळायचे यंत्र आणि मोजमापांच्या वह्या शेजारच्या शिलाईवालीला. तिचा हात तारेला हलका आहे. "मला काय कळतंय त्यातलं" असे ती म्हणेल. तिकडे लक्ष देऊ नये.

३. बँकेतली शिल्लक कर्णबधिर मुलांच्या शाळेला, वर्गाच्या लाकडी जमिनीखाली असेच स्पीकर बसवायला. घेताना बीएल विचारावा. दुकानदाराला सांगता आला नाही तर खुशाल बाहेर पडावे.

४. ~~माझा ॲम्प्लिफायर धाकट्या दिरांना.~~ यजमान गेल्यावर भावोजी आले आणि नेमके बाकावर बसले. मी गाणे लावले. त्यांनी फळीवर तळवा टेकला. "वहिनी, दादा हे ऐकत होता?" "रोज." त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

हे कलम आज खोडले आहे. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये, असे वकीलसाहेब म्हणाले. त्यावर भावोजी म्हणाले, "मग मला देणार ते काढून टाका. वहिनींचा शब्द खरा, एवढं मला एकदा सही करून सांगू द्या." ॲम्प्लिफायर मुलीकडे जाईल.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: एकोणीस नोव्हेंबर
लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. धाकटे दीर, स्पीकर विक्रेते (सही, पहिली पुसट उमटल्याने दोनदा केली, दोन्ही त्यांचीच)