गुडघ्यांवरचा आळ

चि. सौ. धाकटीस मोठ्या जावेचे आशीर्वाद.

तू लेकीचं बाळ बघायला जात नाहीस आणि कारण म्हणून गुडघे पुढे करतेस, असं काल भावजींकडून कळलं, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो भावजी उचलतात आणि स्पीकरवर ठेवतात. प्रकृती कशी आहे विचारत नाही, मला ती ठाऊक आहे. तुझे गुडघे ठणठणीत आहेत. तुला धास्ती आहे ती बसमधल्या लांबच्या प्रवासाची. शिंक येण्याआधी पायावर पाय आवळणारी बाई मी लांबून ओळखते, कारण मीही तेच करते. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात वावरून आपण हे एकमेकींपासून लपवलं (मिठाची बरणी उघडी कुणी ठेवली यावर मात्र आठवडाभर अबोला धरला), याला काय म्हणावं?

माझं मूळ दुखणं बाळंतपणातलं, त्यात पोस्टातल्या नोकरीची भर. खिडकीसमोर रांग असताना जागचं उठायचं नाही हा माझा खाक्या, आणि रांग काही संपत नसे. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाशी लघवी धरून ठेवणारे झोळीसारखे स्नायू असतात, ते कमजोर झालेत. आणि शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर योगाचा वर्ग भरतो तिथे मला धाडलं. शिकवणारी मुलगी आपल्या सुनांच्या वयाची. उताणं पडायचं, गुडघे उभे करायचे, श्वास सोडताना तळ आत-वर ओढायचा आणि श्वास घेताना सैल सोडायचा. पहिलं अर्धं मला लगेच जमलं. दुसरं अर्धं मी आळशी बायकांसाठी असेल असं समजून गाळलं. भाजी घेताना, इस्त्री करताना, अगदी शेजारच्यांच्या घरी सांत्वनाला गेले तेव्हाही मी आवळूनच बसलेली. चेहरा असा झाला की तुझ्या मोठ्या दिरांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय. बिचाऱ्यांनी न सांगता पंखे पुसले. मी म्हटलं, चालू दे.

पण त्रास वाढला! वर्गात जाऊन त्या मुलीला जाब विचारला. तिने मला आडवं केलं आणि म्हणाली, "काकू, आता सोडा."

"सोडलंय."

"आधी दात सोडा, काकू. मग पोट. आवळलेली मूठ आणखी काय आवळणार?"

शेजारच्या चटईवरून बेकरीवाली म्हणाली, "अगं, त्यांच्या खिडकीवर सुट्टे पैसेसुद्धा सुटायचे नाहीत!"

मला हसू फुटलं. भर वर्गात, इतक्या जणींसमोर, खदखदून. आणि व्हायचं तेच झालं. वाटलं, जिना उतरावा आणि पुन्हा या रस्त्याला फिरकू नये. पण कुणी वळूनही पाहिलं नाही. बेकरीवालीने आपला टॉवेल माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "माझं पहिल्याच दिवशी झालं होतं. तुम्ही बराच धीर धरलात, बाई." मी तिथेच पडून राहिले आणि पहिल्यांदा खरोखर सैल पडले. खोटं सांगत नाही, डोळ्यांतून पाणी आलं.

आता शिंक निभावते, खोकला बहुतेकदा. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. तू आधी डॉक्टरीणबाईंना दाखव, मग माळ्यावर ये. लाजू नकोस, तिथे लाजायला कुणी रिकामं नसतं.

तुझी,
मोठी जाऊ

ता. क. पत्र वाचून फाडून टाक. भावजींनी विचारलं तर म्हणावं, उपदेश होता. ते पुढे विचारणार नाहीत.

ता. क. आणखी एक. वर फार शूरपणा लिहिला आहे. खरं असं की भाजीबाजाराच्या पुढे मीही अजून गेलेली नाही. तुझ्या लेकीने बाळ बघायला मलाही बोलावलंय आणि एकटीने बसमध्ये चढायचं धाडस मला होत नाही. तू सोबत चल. हे सांगायलाच पत्र लिहिलं, बाकीचं ओघात आलं.

भावजींच्या हाती दिलेलं: चटई एक. लोड एक. चिकटवलेलं पुडकं एक (आतलं आपण दोघींनी वाटून वापरायचं). प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या बसची तिकिटं दोन, जागा दाराजवळच्या, शेजारी शेजारी.