मार्थाबायसाठी पानभर

१२ नोव्हें., बुध.
बायची सातव्या दिवसाची मिसा झाली. चर्च भरलं होतं. चुलतभाऊ पावलूने हात धरून विचारलं, "शांत गेली मा रे?" व्हय म्हटलं. आठवडाभर सगळ्यांना हेच सांगतोय.
फादर म्हणाले, "महिन्याच्या मिसेला बहिणीवर पानभर लिहून वाचा, जुझेकाका. सख्खे तुम्हीच." हो म्हणून आलो.

१४, शुक्र.
लिहायला बसलो. मार्था, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नर्स. आधी बहारीन, मग मोझांबिक, मग लिस्बन. लग्न केलं नाही. घरी परतली त्याला चार वर्षं. पुढे काय? मी जन्मभर मालवणात गॅरेजमध्ये, पुणंही बघितलेलं नाही. कागद फाडला.

१६, रवि.
बायकोने, सेसिलने, बायची ट्रंक उघडली. आत गाणी. दवाखान्याच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर लिहिलेली, सगळी मालवणीत. चर्चमध्ये सणाला म्हणतात ती तिचीच, चालीही तिच्याच. एक मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.
दर्या तुजो, होडी तुजी,
वल्ह्यार हात तेवढे माजे.
सेसिल गुणगुणायला लागली. मी उठून परसात गेलो.

१९, बुध.
बायला सात भाषा यायच्या, एवढं लिहिलं. जेटीवर केरळच्या ट्रॉलरवाल्यांशी मल्याळममध्ये भांडायची, ते हसत तिला चार बांगडे जास्त द्यायचे. एकदा मी विचारलं होतं, इतक्यो भाषा कित्याक गो? म्हणाली, "माणूस भियालो की आवशीच्या भाषेत बोलता रे. तेवा आयकणारो कोण नको?"
आईची भाषा ऐकणारं कोणीतरी. एवढं लिहून कागद मिटला.

२२, शनि.
जेटीवरची जैतूनभाभी भेटायला आली. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला तेव्हा मुलगे समुद्रावर होते, मौलवी वेळेत पोचेनात. बाय इंजेक्शन द्यायला गेलेली. तिनेच त्याच्या कानाशी कलमा म्हटला. बहारीनला रोग्यांच्या घरच्यांकडून ऐकून शिकली होती. भाभी म्हणाली, "आमचो माणूस एकटो गेलो नाय, तुमच्या भैणीमुळे." मला तिच्याकडे बघवेना. चहा द्यायचंही सुचलं नाही.

२३, रवि.
मिसेला गेलो नाही. लिहून टाकतो.
४ तारीख, मंगळवार. कणकवलीचा दवाखाना, बायचा तिसरा दिवस. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेलेली, जीभ जड. सगळ्या भाषांची सरमिसळ करून बोलत होती. त्यात एक शब्द स्पष्ट: पाद्री. मला कळलं नाही असं तिला वाटलं असावं. मग एकेक अक्षर जुळवून मालवणीत म्हणाली, "जुझे, फादराक हाड."
फादरला आण, हे कळलं होतं. पाद्री म्हणाली तेव्हाच कळलं होतं.
डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, सुधारतील. आणि आमच्या आवशीला फादरांनी मरणाऱ्याला लावतात ते तेल लावलं तशी ती तासाभरात गेली, ते मी दारात उभा राहून पाहिलंय. फादर आले की माणूस जातं, एवढंच डोक्यात. म्हटलं, "उद्या हाडतंय गो." तिने मान हलवली. थोड्या वेळाने परत तेच. मी बाहेर जाऊन चहा प्यालो.
सकाळी गेली. तेल नाही, प्रार्थना नाही. परदेशातसुद्धा ड्युटी संपवून मिसेला जाणारी बाई. मला तर धड 'आमच्या बापा' ही रोजची प्रार्थनासुद्धा म्हणता आली नाही तिच्याजवळ.
लोकांना सांगितलं, परक्या भाषेत काहीतरी बोलत होती, समजलं नाही.

२७, गुरु.
सेसिलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. "माका कित्याक सांगलास नाय? मी बोलवलं असतंय." सूप उचलून ती आत गेली. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही.

३० नोव्हें., रवि.
पान पूर्ण. चार वेळा वाचलं. सगळं खरं आहे आणि सगळं खोटं वाटतं.

४ डिसें., गुरु.
फादरांकडे गेलो. बाकावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "देवाने तिचं ऐकलं असणार, काका."
म्हटलं, "देव ऐकतो हे तिला माहीत होतं, फादर. तिला माणूस हवं होतं शेजारी."
ते दारापर्यंत आले. निघताना म्हणाले, "उद्या पान वाचायलाच पाहिजे असं नाही."

५ डिसें., शुक्र.
वाचलं. बहारीन, लिस्बन, गाणी, सगळं. नंतर कागद घडी करून खिशात ठेवला आणि तोंडाने सांगितलं: बायने फादरला बोलवायला सांगितलं होतं, मला समजलं होतं, मी बोलावलं नाही.
पुढे काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. तसाच उभा. सेसिलने येऊन दंड धरला आणि बाकावर नेऊन बसवलं.
मिसेनंतर लोक बाजूने निघून गेले. पावलू चपला घालून सरळ गेटकडे गेला. जैतूनभाभी मागच्या बाकावर होती, कधी निघून गेली कळलं नाही.
फादर म्हणाले, रविवारी मिसेआधी कन्फेशनला या.
घरी सेसिलने पेज वाढली. "जातलास मा कन्फेशनाक?" तिने विचारलं.
उत्तर द्यायच्या आधी वही उघडून हे लिहितोय. ती पाट ओढून समोर बसून आहे.